शहरातल्या महापालिकेच्या शाळा सुधारायच्या तर नेमकं काय करायला हवं?

भिंती रंगवून आणि टीव्ही टांगून शाळा सुधारत नाही, एवढं आधी सांगतो.

मी सांगलीत मोटरी भरतो, म्हणजे जळालेल्या मोटरीचं वायंडिंग नव्यानं करतो. पोरगा महापालिकेच्या शाळेत चौथीला, म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर मला घेतलं. 2009 च्या आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यानं त्यात 75 टक्के पालक लागतात, निम्म्या बायका. पहिल्याच दिवशी वही पुढं आली. तीन मीटिंगांचं इतिवृत्त लिहून तयार, माझ्या नावापुढं पेन्सिलनं फुली, इथं सही करा. म्हटलं मीटिंग झाली कधी? तर म्हणे, सगळीकडं असंच असतंय हो.

सही केली नाही. शाळा बघून येतो म्हटलं आणि मागं गेलो तर मुलींच्या बाथरूमला पाणीच नाही, टाकी आहे पण मोटर जळालेली, सात महिने "प्रस्ताव वर गेलाय". मोठ्या पोरी मधल्या सुट्टीत घरी जायच्या त्या परत यायच्याच नाहीत आणि वर ऐकायचं काय, तर पालकांना गांभीर्य नाही. एक एचपीची मोटर. शनिवारी खोलून दुकानात आणली, वायंडिंग काळं ठिक्कर, बेअरिंग पण गेलेलं. तार आणि बेअरिंगचाच काय तो खर्च, सोमवारी टाकीत पाणी चढलं.

पुढच्या मीटिंगला सात पालक आले, त्यात चार बाया. आता त्याच विचारतात, बाई मतदारयादीच्या कामाला गेल्या की वर्ग कोण घेतं? कायद्यात शिक्षकांना निवडणूक, जनगणना, आपत्ती सोडून शिकवण्याबाहेरचं दुसरं काम लावता येत नाही, पण सांगलीत नदी वाढली की आपत्ती पण आलीच की.

आमचा मेव्हणा दर दिवाळीला म्हणतो, दाजी, कॉर्पोरेशनच्या शाळेत घालून भाच्याचं वाटोळं करताय. त्याचा पोरगा इंग्लिश मीडियमला, बस वेगळी, ट्यूशन वेगळी, आणि हा गडी शाळेत जातो वर्षातनं एकदा, गॅदरिंगला. असली बोलकी माणसं पोरं घेऊन निघून गेली म्हणूनच आमच्या शाळेत भांडायला कोण उरलं नाही. तुमच्या वॉर्डातल्या शाळेत जा, ती वही मागा, बघा कसे गडबडतात.

आता खरं सांगायचं तर थोरलीला मी पण दोन वर्षं इंग्लिश मीडियमलाच घातलं होतं, फी झेपेना म्हणून काढली. आणि शिक्षकच कमी असतील तर मोटर भरून काय होणार, ते वरनंच भरले पाहिजेत.

मेव्हण्याच्या बोअरची मोटर गेल्या महिन्यात जळाली. आणली माझ्याकडंच. पैसे पूर्ण घेतले.