सेफ कंडक्टला मराठीत काय म्हणायचं?

स्कॉटलंडच्या दुसऱ्या जेम्स राजाने डग्लसच्या अर्लला (अर्ल म्हणजे बडा सरदार) दिलेल्या सेफ कंडक्टला, म्हणजे सुखरूप येऊ-जाऊ देण्याच्या लेखी हमीला, मराठीत सुरक्षा-पत्र म्हटलं तर चालेल का, असा प्रश्न आलाय. चालेल कसलं, विम्याचा कागद वाटतो तो. सरळ कौल म्हणा की.

कौल मूळ अरबी, बोललेला शब्द, वचन. आपल्या जुन्या कागदांत वेढ्यातला किल्लेदार कौल घेऊन खाली उतरतो, परागंदा रयत कौल मिळाला की गावात परत येते. मुख्य म्हणजे कौल वरचा खालच्याला देतो, बरोबरीच्यांत होतो तो तह नाहीतर करार. कोकणात देवाला लावतात तोही हाच कौल (छपरावरचं कौल वेगळं, ते नपुंसकलिंगी).

आता तो प्रसंग बघा. डग्लस घराणं राजाला डोईजड झालेलं, त्यात आठव्या अर्लने, विल्यमने, क्रॉफर्ड आणि रॉस या दोन बड्या अर्लांशी एकमेकांना साथ द्यायचा बाँड केलेला. इथे करारपेक्षा मला आणाभाका बरं वाटतं, कारण ते नुसतं कागदी काम नव्हतं. फेब्रुवारी 1452 मध्ये जेम्सने त्याला कौल देऊन स्टर्लिंगच्या किल्ल्यात बोलावलं, खाऊपिऊ घातलं आणि 22 तारखेला रात्रीच्या जेवणानंतर म्हणाला आणाभाका मोड. तो नाही म्हणाला, तर राजाने स्वतःच सुरा काढला आणि मग दरबारी लोक तुटून पडले. म्हणजे ज्याला आणाभाका मोडायला सांगत होता त्याच्यापायी राजाने स्वतःचाच कौल मोडला, मराठीत हे असं आपोआप जुळतं, सुरक्षा-पत्र 'मोडून' दाखवा बरं!

पुढे जूनमध्ये पार्लमेंटने राजाला निर्दोष ठरवलं, का तर म्हणे अर्लने आदल्या दिवशीच कौल सोडून दिला होता. धन्य आहे.

एक बारकावा मात्र पाळा. मार्चमध्ये विल्यमचा भाऊ जेम्स स्टर्लिंगवर चालून आला, ते सेफ कंडक्टचं शिक्क्याचं पत्र घोड्याच्या शेपटाला बांधून रस्त्यातनं फरफटवलं आणि गाव लुटून जाळलं. तिथे कौल नको, कौलनामा लिहा, कारण फरफटला तो कागद, कौल तर फेब्रुवारीतच मोडला होता.