दान पावलं, ते कोणाला?

(मागील अंकात पहाटेच्या ठाण्यातील वासुदेवावर लेख प्रसिद्ध झाला होता. त्याचे लेखक पिढीजात वासुदेव असून आठवड्यातील सहा दिवस ते एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करतात. वाचकांच्या निवडक पत्रांना त्यांनी दिलेली ही उत्तरे.)

आमच्या लहानपणी नौपाड्यात थंडीच्या दिवसांत वासुदेव नेमाने येत असे. आता आलाच तर रविवारी. तुमची पहाट कशी सुरू होते? — एक निवृत्त शिक्षिका, नौपाडा

बाई, मी दिव्याला राहतो. रविवारी साडेतीनला उठायचे, अंघोळ आणि गंध आटोपून मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायच्या आणि पहाटेची लोकल धरायची, असा माझा क्रम आहे. पेहराव मात्र मी घरून करून निघत नाही. पूर्वी एकदा तसा निघालो होतो. पहाटेच्या गाडीलाही दाराशी दाटी असते हे मी विसरलो आणि कळव्याला चढलेल्या एका गृहस्थांच्या पाठीवरच्या पिशवीने टोपीचा एक अख्खा थर ओढून नेला. तेव्हापासून टोपी उभ्या डब्यात घालून नेतो. डबा पाहून लोक मला केकवाला समजतात, त्याला इलाज नाही.

घंटाळीजवळ एका ओळखीच्या दुकानाचा ओटा आहे, तिथे मी वासुदेव होतो. धोतर घरूनच नेसलेले असते. त्यावर पायघोळ घेरदार अंगरखा, कमरेला शेला, शेल्यात खोचलेला पावा, काखेला झोळी, गळ्यात माळा, पायांत चाळ आणि सर्वांत शेवटी नमस्कार करून डोक्यावर टोपी. ही टोपी एकदा डोक्यावर चढली की टपरीवर चहा प्यायचा नाही, कोणाशी घासाघीस करायची नाही आणि दारात कोणी रागावले तरी उलट बोलायचे नाही, असा वडिलांचा दंडक होता. चहाचे कलम पाळताना थंडीत माझी फार ओढाताण होते, हे येथे कबूल करून टाकतो.

एका हातात चिपळ्या आणि दुसऱ्या हातात टाळ असल्यामुळे दान घेताना हात मोकळा नसतो. म्हणूनच झोळीचे तोंड कोपराने पुढे करण्याची एक लकब लहानपणीच अंगी बाणवावी लागते. आधी पद, मग गिरकी, मग देवांची नावे घेऊन दानाची पोच आणि अखेरीस पाव्याची फुंकर, हा क्रम प्रत्येक दारात तोच असतो. गिरकी दिसायला सोपी वाटते, पण टोपीचा तोल डोक्याच्या वर हातभर असल्यामुळे मान ताठ ठेवून कमरेतून वळावे लागते. वळताना खाली पाहिले की टोपी निघालीच. नौपाड्यातून गोखले रस्ता ओलांडून चरई, तिथून तलावपाळीच्या कडेने जांभळी नाका, असा माझा फेरा आहे. जांभळी नाक्यावर भाजीवाल्या मावश्या पैशांऐवजी मेथीची जुडी किंवा चार लिंबे झोळीत टाकतात, त्यामुळे सोमवारी आमच्याकडे कोणती भाजी होणार हे त्या ठरवतात. दहाच्या सुमारास मी पुन्हा लोकलमध्ये असतो आणि सोमवारी सकाळी छापखान्यात लाल पेन घेऊन लोकांच्या वेलांट्या तपासत बसतो.

आमच्या संस्थेतील काही सभासदांनी पहाटे साडेपाचला वाजणाऱ्या टाळांबद्दल लेखी तक्रार दिली आहे. परंपरा मान्य आहे, पण नियम काय सांगतो? — सोसायटीचे सचिव, पाचपाखाडी

सचिवसाहेब, नियम तक्रारदारांच्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्र मानला आहे आणि निवासी भागासाठी दिवसा ५५, तर रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हे नियम फक्त ध्वनिक्षेपकापुरते आहेत असा आपल्याकडे समज आहे, परंतु पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर रात्री उघड्यावर वाद्य वाजवण्यावरही बंदी आली. पितळी टाळ हे वाद्यच आहे, तेव्हा साडेपाचला तो वाजवणारा वासुदेव नियमात बसत नाही.

आमच्या आजोबांच्या काळी गाव पहाटे चारला जागे होत असे. जात्यावर बसलेल्या बाईला वासुदेवाचे पद ऐकू यावे म्हणून ती वेळ होती. आपल्या इमारतीत साडेपाचला जागे असणारे बहुतेक जण रात्रपाळीहून नुकतेच परतलेले असतात, याचा विचार आम्हीच करायला हवा. मी गेली काही वर्षे सहानंतरच टाळ वाजवतो आणि त्याआधी चिपळ्या मुठीत दाबून चालतो. आपल्याकडे येणारा वासुदेव मी नव्हे, पण तो भेटल्यास त्याला हे सांगावे. ऐकेल. फक्त फलकावर ‘फेरीवाले व भिकारी यांना मज्जाव’ या ओळीखाली त्याचे नाव घालू नये, एवढी विनंती आहे.

धडधाकट माणसाने सजून दारोदार फिरणे ही भीकच नव्हे काय? राग मानू नये. — एक वाचक, घोडबंदर रस्ता

राग नाही. हा प्रश्न मला माझ्याच छापखान्यातील सहकाऱ्यांनी विचारलेला आहे आणि कायद्यानेही विचारलेला आहे. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याची व्याख्या पाहिली तर सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे, मग ते गाणे, नाचणे, भविष्य सांगणे अशा कोणत्याही निमित्ताने असो, भीकच ठरते. हाच कायदा दिल्लीतही लागू होता, तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्यातील बरीच कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. दुसरीकडे महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या ब गटाच्या यादीत गोंधळी, जोशी, नंदीवाले यांच्याबरोबर वासुदेवाचे नाव आहे. म्हणजे जे काम करणारी जमात म्हणून एका कागदावर आमची नोंद आहे, तेच काम दुसऱ्या कागदावर गुन्हा ठरू शकते.

पण आपला प्रश्न कायद्याचा नाही, रीतीचा आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो. चरईत एका जुन्या दुमजली घराच्या गॅलरीतून एक आजी दोरीला बांधलेली टोपली खाली सोडतात. टोपलीत वीस रुपये आणि एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर ज्यांच्या नावाने दान द्यायचे त्या दिवंगतांची नावे असतात आणि ती मोठ्याने घेऊन मी पंढरीच्या विठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला, तुळजापूरच्या भवानीला दान पावल्याचे सांगतो. एका रविवारी पावसाच्या थेंबाने शाई फुटली होती आणि मी दामोदर या नावाच्या जागी दिगंबर वाचले. गाणे संपवून चार पावले गेलो असेन, तोच वरून आवाज आला, ‘अहो वासुदेव, पावती चुकीच्या नावावर फाडलीत!’ मी परत फिरलो आणि पहिल्या देवापासून सगळे पुन्हा म्हटले. आजी कठड्याला धरून, प्रत्येक देवाच्या नावाला मान हलवत, शेवटपर्यंत उभ्या होत्या. मुद्रितशोधक म्हणून त्या दिवशी मला फार लाज वाटली.

वासुदेवाचे काम काय, याचे उत्तर आजींनी वापरलेल्या ‘पावती’ या शब्दात आहे. भिकाऱ्याला दिलेले त्याच्यापाशी थांबते, निदान देणाऱ्याची तशी समजूत असते. वासुदेवाला दिलेले पुढे कोठे पोचले ते देणाऱ्याला ऐकू यावे लागते, आणि त्यासाठीच तर त्याला गळा लागतो. आपल्या बोलीतील ‘दान पावलं’ हे क्रियापद पाहा. ‘मिळालं’ असे वासुदेव कधीही म्हणत नाही. एकनाथांनी (१५३३ ते १५९९) आपल्या भारुडांत वासुदेवाला बोलते केले, ते त्याच्या टोपीवर भाळून नव्हे. दारी येऊन झोपलेल्याला जागे करणारा आणि दिलेले योग्य ठिकाणी पोचवणारा माणूस परमार्थ सांगायला त्यांना सोयीचा वाटला असावा, असे मला वाटते. यावर, ‘पैसे शेवटी तुमच्याच खिशात जातात ना?’ असे आपण म्हणाल. जातात. टपाल पोचवणाऱ्यालाही पगार असतो.

मोरपिसे बाळगणे कायदेशीर आहे का? मोर मारतात का? — इयत्ता आठवीतील विद्यार्थिनी, कळवा

बाळ, मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि त्याला मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गंभीर गुन्हा आहे. परंतु दरवर्षी विणीचा हंगाम संपला की, म्हणजे पाऊस ओसरताना, मोराचा पिसारा आपोआप झडतो. अशा झडलेल्या पिसांना देशांतर्गत वापरासाठी कायद्याने सूट दिली आहे, परदेशी पाठवायला मात्र बंदी आहे. झडलेल्या पिसाचे देठ टोकाला कोरडे आणि स्वच्छ असते. उपटलेल्या पिसाच्या देठावर रक्ताचा डाग राहू शकतो, म्हणून माझे वडील पीस घेताना आधी देठ पाहत आणि डोळा नंतर. माझ्या टोपीत दोनशेच्या आसपास पिसे आहेत. ती खालून वर थराथराने दोऱ्याने बांधतात आणि टोकाला पितळेचा छोटा कळस बसवतात. भिजली की ती चिकटतात, म्हणून पावसाळ्यात टोपी कपाटावर पांढऱ्या फडक्यात असते आणि मी फक्त मुद्रितशोधक असतो.

आमच्याकडे हळदीच्या कार्यक्रमाला वासुदेव बोलावला होता. तीन हजार रुपये घेऊन त्याने चित्रपटातील चालीवर नाच केला. तो खरा होता का? — एक वधूपिता, कोपरी

वासुदेव असेलही, पण त्या दिवशी तो कलाकार म्हणून आला होता आणि त्याने ठरलेले पैसे घेतले, यात मला गैर दिसत नाही. पाडव्याला कौपीनेश्वरापासून निघणाऱ्या शोभायात्रेत मीही मानधन घेऊन चाललेलो आहे. फक्त ठरवून घेतलेल्या रकमेवर मी ‘दान पावलं’ म्हणत नाही, ते शब्द गाळून पद म्हणतो. आपल्याकडच्या वासुदेवाने ते शब्द म्हटले असतील तर माझ्या मते त्याचे तेवढे चुकले. चालीबद्दल तक्रार करायची तर ती यजमानाने आधी सांगायला हवी होती.

दान धान्याने द्यावे की मोबाइलवरून? आणि खरे सांगा, किती जमते? — एक वाचक, वसंत विहार

कसेही द्यावे. सुपातल्या पसाभर जोंधळ्यांचे दिवस गेले आणि झोळीला मी स्वतःच एक क्यूआर कोड शिवून घेतला आहे. पैसे जमा झाल्याचे ओरडून सांगणारा दुकानातला डबा मात्र ठेवलेला नाही, कारण तेच काम करायला मी आलेलो असतो. एका रविवारी चारशे ते सातशे रुपये जमतात, पाडव्याच्या किंवा एकादशीच्या सुमारास थोडे अधिक. यावर घर चालत नाही आणि म्हणूनच छापखाना आहे.

आपल्या भागातील उंच इमारतींत मी क्वचित येतो. तिसऱ्या मजल्याच्या वर माझा आवाज पोचत नाही आणि फाटकावर नोंद केल्याशिवाय आत सोडत नाहीत. एकदा सुरक्षारक्षकाने मला पाहून बराच वेळ मोबाइलवरचे रकाने चाळले. पाहुणा, टॅक्सी, घरकामगार यांपैकी काहीच न जुळल्यामुळे शेवटी ‘डिलिव्हरी’ असे नोंदवून मला आत पाठवले. वर विचार केल्याप्रमाणे पाहिले तर त्याचे फारसे चुकले नव्हते.

पुढचा फेरा कधी? — नौपाडा, चरई व विष्णूनगर येथील अनेक वाचक

मार्गशीर्ष आणि पौषातील सर्व रविवारी, सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान. ज्यांना दिवंगतांच्या नावाने दान द्यायचे आहे त्यांनी नावे शाईऐवजी शिसपेन्सिलीने आणि शक्यतो सुटी अक्षरे काढून लिहावीत. घरात कुत्रा असल्यास तो बांधून ठेवावा. माणसांना नमस्कार करायला लावणारी ही टोपी कुत्र्यांना अजिबात आवडत नाही.