मुलीला पाचव्या वर्षी पुन्हा डीपीटी कशाला? आणि वावरात लागलं तर दर वेळी इंजेक्शन घ्यायचं का?

तुम्ही विचारलं आहे की लेकीचे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस झालेत, मग पाचव्या वर्षी पुन्हा डीपीटीची (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीची) सुई कशाला. आणि तुमच्या पायात तुरीचं खुंट गेलं तर दर वेळी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, कारण ते माझ्या घरात घडलंय. मी तेव्हा आशा नव्हते. सासऱ्यांच्या टाचेत पऱ्हाटीचं खुंट गेलं. रक्त फारसं आलं नाही, म्हणून हळद दाबून दुसऱ्या दिवशी ते वखरावर गेले. आठव्या दिवशी त्यांना भाकर चावता येईना. आम्हाला वाटलं, दाढ दुखत असेल. रात्री दातखीळ बसली, पाठ कमानीसारखी ताणली. भांडं पडलं तरी अंगाला झटका यायचा. सरकारी दवाखान्यात तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत होते. वाचले. सुट्टीच्या वेळी डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता तं होऊन गेला ना, मंग कायले?" धनुर्वात एकदा झाला तरी पुन्हा होऊ शकतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्याचं विष इतकं जहाल, की थोड्याशानेच माणूस आडवा होतो आणि तेवढ्यावर शरीरात प्रतिकारशक्ती तयार होत नाही. ती लसीनेच येते.

म्हणून दर वेळी नाही, पण हिशेब ठेवा. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर दर १० वर्षांनी एक. जखम खोल असेल, माती-शेण लागलं असेल आणि शेवटच्या डोसला ५ वर्षं होऊन गेली असतील, तर लगेच घ्या. कधीच घेतलं नसेल तर तीन डोस: दुसरा महिन्याने, तिसरा त्यानंतर सहा महिन्यांनी. जखम आधी साबण-पाण्याने भरपूर धुवा. शेण, चुना काही लावू नका.

धनुर्वाताच्या लसीला लोक अजून टीटीच म्हणतात, पण सरकारी दवाखान्यात २०१९ पासून त्याजागी टीडी आली आहे. त्यात घटसर्पाचीही लस असते, कारण तिचा लहानपणीचा जोरही उतरत जातो. लेकीचंही तेच आहे. १६ ते २४ महिन्यांत एक बूस्टर, ५-६ वर्षांत दुसरा, मग १० आणि १६ व्या वर्षी टीडी. दीड वर्षाचा राहून गेला असेल तरी सिस्टरला सांगा. सात वर्षांपर्यंत डीपीटी देता येते. कार्ड हरवलं असेल तर उपकेंद्राच्या रजिस्टरमध्ये नोंद सापडते. दंड दुखेल, एखादा दिवस ताप येईल.

आणि घशात राखाडी पापुद्रा दिसला, मान सुजली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. घटसर्पाचं विष हृदयावर जातं आणि त्यावरचं औषध जितकं लवकर मिळेल तितकंच कामाला येतं.