वाचकांचे प्रश्न : भाषणे लिहिणारा इतिहासकार

प्रश्न : अमेरिकी इतिहासकार आर्थर श्लेसिंजर (धाकटे) यांचा उल्लेख काही ठिकाणी अध्यक्ष जॉन केनेडी यांचे भाषणलेखक असा वाचनात येतो. तो कितपत बरोबर आहे? शिवाय, पुढाऱ्यांची भाषणे लिहिणाऱ्या माणसाने लिहिलेला इतिहास विश्वासाने वाचावा का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हा उल्लेख अर्धाच बरोबर आहे. केनेडींचे मुख्य भाषणलेखक टेड सोरेन्सन होते. श्लेसिंजर जानेवारी १९६१ पासून अध्यक्षांचे विशेष साहाय्यक होते, आणि टिपणे लिहिणे, लॅटिन अमेरिकेच्या प्रश्नांत लक्ष घालणे, विचारवंतांशी संपर्क ठेवणे या कामांबरोबर ते प्रसंगी भाषणांचे मसुदेही करीत. भाषणलेखनात त्यांचा हात खरा तयार झाला तो त्याआधी, डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते अडलाय स्टीव्हन्सन यांच्याकडे. १९५२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत स्टीव्हन्सन यांचे लेखक इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे एल्क्स क्लबच्या इमारतीत बसून काम करीत, आणि पुढे भारतात अमेरिकेचे राजदूत म्हणून आलेले अर्थशास्त्रज्ञ जॉन केनेथ गालब्रेथ हेही त्यांच्यात होते. स्टीव्हन्सन स्वतः भाषेचे मोठे रसिक असल्यामुळे हाती आलेला मसुदा ते शेवटच्या घटकेपर्यंत बदलत राहत. ते १९५२ आणि १९५६ अशा दोन्ही निवडणुका आयझेनहॉवर यांच्याकडून हरले. श्लेसिंजर दोन्ही वेळा त्यांच्यासोबत होते.

आता विश्वासाचा प्रश्न. श्लेसिंजर यांनी आपली राजकीय बाजू कधी लपवली नाही. एकोणिसाव्या शतकातले अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळावरचे त्यांचे पुस्तक १९४५ साली आले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांना त्यासाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले. जॅक्सन यांच्या लोकशाहीमागे पूर्वेकडील शहरांतल्या कामगारांचाही मोठा वाटा होता, ही त्यातली मांडणी. ती करताना त्यांच्या डोळ्यांसमोर आपल्याच वेळचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा काळ होता, हे जाणवल्यावाचून राहत नाही. मात्र त्याच जॅक्सन यांच्या धोरणामुळे मूळ रहिवासी जमातींना आपल्या भूमीवरून हाकलले गेले, आणि या पुस्तकात त्या अन्यायाला जवळजवळ जागाच नाही. माझ्या मते ही उणीव गंभीर आहे. आवडत्या नायकाचे चित्र रेखाटताना जे अडचणीचे असते ते नजरेआड होते, आणि ही सवय प्रचाराच्या भाषणात चालून गेली तरी इतिहासात चालत नाही.

दोन भूमिकांमधला खरा ताण मात्र १९६१ च्या एप्रिलमध्ये दिसतो. कास्ट्रो यांची सत्ता उलथण्यासाठी क्यूबावर तिथल्याच निर्वासितांचे सैन्य उतरवण्याच्या अमेरिकी बेताला श्लेसिंजर यांचा विरोध होता आणि तो त्यांनी अध्यक्षांना लेखी टिपणांतून कळवला. परंतु क्यूबाविषयी अमेरिकी सरकारची बाजू मांडणारी जी पुस्तिका त्याच महिन्याच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली, तिचा मसुदा त्यांचाच होता. खोटे बोलण्याची वेळ आलीच तर ते अध्यक्षांनी न बोलता हाताखालच्या अधिकाऱ्यांनी बोलावे, असा सल्लाही त्यांनी एका टिपणात दिला. पुढे वार्ताहरांना त्यांनी स्वतःच उतरलेल्या सैन्याची संख्या प्रत्यक्षाहून फार कमी सांगितली, आणि ती खोटी होती हे १९६५ साली मान्य केले. निर्णायक बैठकांमध्ये आपण गप्प राहिलो याबद्दल त्यांनी केनेडींच्या कारकिर्दीवरील ग्रंथात स्वतःला कठोर दोष दिला आहे. या ग्रंथालाही पुलित्झर मिळाले. त्यात केनेडींविषयीचे प्रेम पानोपानी आहे, म्हणून टीकाकारांनी श्लेसिंजर यांना दरबारी इतिहासकार ठरवले. ती टीका निराधार नाही; पण दरबारी बखरकार स्वतःचे मौन असे नोंदवून ठेवत नाही, हेही लक्षात घ्यायला हवे.

सत्तेजवळ राहिल्याचा त्यांच्या इतिहासदृष्टीवर जो परिणाम झाला, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. १९६३ साली, व्हाइट हाउसमध्ये काम करीत असतानाच, त्यांनी एका निबंधात लिहिले की जॅक्सन आणि रूझवेल्ट यांच्या निर्णयांची कारणे, हेतू आणि जबाबदाऱ्या आपण किती आत्मविश्वासाने ठरवून टाकल्या होत्या, या विचाराने आता अंगावर काटा येतो, कारण निर्णय प्रत्यक्षात किती गोंधळातून आणि अंधारातून आकाराला येतात हे आपण आता पाहिले आहे. असे लिहिणाऱ्याचा इतिहास मी विश्वासाने वाचतो, फक्त त्याची बाजू ध्यानात ठेवून.

प्रश्न : श्लेसिंजर यांच्याकडे पीएच.डी. नव्हती, हे खरे आहे का?
– एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : होय. १९३८ साली हार्वर्डमधून पदवी घेतल्यावर त्यांनी डॉक्टरेट केलीच नाही. पदवीसाठी लिहिलेला त्यांचा प्रबंध लगेच पुढच्या वर्षी पुस्तकरूपाने आला. युद्धकाळात ते सरकारी माहिती खात्यात आणि नंतर गुप्तवार्ता विभागात होते. १९४६ पासून त्यांनी हार्वर्डमध्ये शिकवले, आणि १९६६ पासून न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीत. वडील हार्वर्डमधले नामवंत इतिहासकार असल्याने घरातच ग्रंथांचा सहवास लाभला, हे खरे. पण केवळ त्यामुळे अशी पुस्तके लिहून होत नाहीत.

प्रश्न : त्यांचे कोणते पुस्तक आधी वाचावे?
– एक वाचक, पणजी

उत्तर : रूझवेल्ट यांच्यावरील तीन खंड (१९५७ ते १९६०) कथनाच्या दृष्टीने सर्वांत रसाळ आहेत, चौथा खंड मात्र कधी आला नाही. तरीही आधी १९७३ साली आलेले ‘द इम्पीरियल प्रेसिडेन्सी’ वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन. ज्यांनी बलवान अध्यक्षांचे गुणगान केले, त्यांनीच येथे युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, हातून अध्यक्षांकडे कसा सरकत गेला याचा, थेट जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यापासून निक्सन यांच्यापर्यंत, कसून मागोवा घेतला आहे. अध्यक्षपदाचे देव्हारे माजवण्यात आपल्यासारख्या इतिहासकारांचाही हात होता, ही कबुली त्यात आहे. त्यानंतर केनेडींवरील ग्रंथ हाती घ्यावा, म्हणजे त्यातल्या क्यूबाच्या प्रकरणाचे वजन नीट कळेल.