आधी दगडाला हात लाव

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. काकांच्या विहिरीचं खोदकाम चालू होतं, वर आलेला एक दगड कुणीतरी तुझ्या हातात दिला आणि विचारलं, "ताई, हा कसला दगड? खाली पाणी लागंल का?" भूशास्त्राच्या एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवलेली तू गप्प उभी राहिलीस. शेवटी खोदणाराच म्हणाला, "मांजऱ्या हाय, अजून दोन परस जाऊ द्या." म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा दगड आहे, अजून दोन पुरुष खोल खणा. त्या रात्री तुला झोप लागली नाही. आता विचारतेस, हे शास्त्र सोडून देऊ का?

तुझी हुशारी मला ठाऊक आहे, म्हणून धीराचे शब्द लिहीत बसत नाही. मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. दगड हातात आल्यावर तू त्याच्याकडे पाहिलंसच नाहीस, तू आठवू लागलीस. पुस्तकातलं पान आठवू लागलीस! दगड तळहातावर होता, पोरी.

एका माणसाबद्दल सांगतो. अमोस ईटन, जन्म 1776, न्यूयॉर्क राज्यातल्या चॅटमचा. शिकून वकील झाला, जमिनींचे व्यवहार पाहू लागला. 1811 मध्ये बनावट दस्तऐवजाच्या आरोपात त्याला जन्मठेप झाली. न्यूयॉर्क शहरातल्या ग्रीनिच भागात न्यूगेट नावाचा तुरुंग होता, तिथे त्याची चारेक वर्षं गेली. तुरुंगाचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या मुलाला, जॉन टोरीला, तो तिथेच वनस्पतिशास्त्र शिकवू लागला. तो मुलगा पुढे अमेरिकेचा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. राज्य सोडून जाण्याच्या अटीवर 1815 मध्ये ईटन सुटला, तेव्हा त्याचं वय 39 होतं. मग तो येल कॉलेजात विज्ञानाचे प्राध्यापक बेंजामिन सिलिमन यांच्या वर्गात जाऊन बसला, आणि त्यानंतर दगड पाहत हिंडू लागला. 1818 मध्ये उत्तरेकडच्या राज्यांच्या भूरचनेवर त्याचं पुस्तक निघालं. त्याच वर्षी गव्हर्नर डिविट क्लिंटन यांनी त्याला राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला, बोलावून विधिमंडळाच्या सदस्यांपुढे व्याख्यानं द्यायला लावली. ज्या राज्याने हाकलला त्याच राज्याने बोलावला. पण मी त्याची गोष्ट सांगतोय ती एवढ्यासाठी नव्हे.

इरी कालवा तेव्हा खणला जात होता, ऑल्बनीपासून बफेलोपर्यंत 363 मैल. स्टीफन व्हॅन रेन्सेलर नावाच्या धनिकाच्या पैशावर ईटनने त्या पट्ट्यातले खडक पाहिले आणि 1824 मध्ये अहवाल छापला. एवढं मोठं ताजं खणकाम! आपल्याकडे विहीर खणतात तेव्हा जमीन पोट उघडून दाखवते, तसंच. त्याच वर्षी या दोघांनी ट्रॉय गावी रेन्सेलर स्कूल काढलं. तिथली रीत नीट वाच. प्रयोग विद्यार्थी स्वतःच्या हातांनी करायचे, आणि व्याख्यान विद्यार्थ्यानेच उभं राहून द्यायचं. गुरुजी ऐकायचे. 1826 मध्ये तर ईटन विद्यार्थ्यांना नावेत घालून कालव्याने इरी सरोवरापर्यंत घेऊन गेला. नाव थांबवायची, उतरायचं, दगडाला हात लावायचा.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. ईटनची खडकांची मांडणी बरीच चुकली. युरोपात ठरलेल्या थरांच्या चौकटीत तो न्यूयॉर्कचे थर बसवत राहिला आणि ते बसेनात. ती मांडणी मोडली कुणी? त्याच्याच हाताखाली शिकलेल्या जेम्स हॉलसारख्यांनी. हा हॉल मॅसॅच्युसेट्सहून पायी चालत ट्रॉयला आला होता. 1836 मध्ये राज्याचं भूसर्वेक्षण सुरू झालं, तेव्हा थरांतले जीवाश्म पाहून त्यांनी न्यूयॉर्कची नवी क्रमवारी लावली. गुरूचं पुस्तक त्यांनी बाजूला ठेवलं आणि गुरूचीच रीत पाळली. मला हा माणूस जवळचा वाटतो तो या पराभवामुळे.

आता माझं ऐक. नोकरीच्या चौथ्या वर्षी एका शेतकऱ्याच्या विहिरीची जागा मी नकाशावर बोट ठेवून सांगितली. ओढा चढून जायला हवं होतं. ऊन होतं, जीप परत जायची होती. चाळीस फूट गेले, कोरडा काळा पाषाण. त्याने त्या विहिरीसाठी बैलजोडी विकली होती. मला काही बोलला नाही, पाणी प्यायला दिलं. तांब्यातलं ते पाणी घरून डोक्यावर आणलेलं होतं.

त्यानंतर बढती दोनदा नाकारली, कारण ती टेबलाची होती. घरच्यांनी सोसलं. मुलाच्या दहावीच्या निकालाला मी सोलापूरकडे एका नाल्यात होतो, तो अजून ते काढतो. त्याचं चुकतं असं म्हणवत नाही. पण माझंही चुकलं असं मला वाटत नाही, आजही नाही. दगडाला हात न लावता सही करणारा मी एकदा पाहिला होता, त्याच्याबरोबर मला जन्म काढायचा नव्हता.

तुला उपग्रहाच्या चित्रांवर रेषा काढायची नोकरी मिळतेय, पगार चांगला आहे म्हणतेस. घे की. मी कशाला अडवू? पण काढलेल्या रेषांपैकी काहींवर तरी पायी जाऊन ये. रजा टाकून जा, स्वतःच्या पैशाने जा. जाणार नसशील तर मला पुढचं पत्र लिहू नकोस. हे कठोर वाटेल, वाटू दे.

आणि त्या खोदणाऱ्याने 'मांजऱ्या' म्हटलं त्याची तुला लाज का वाटली? त्याने तो दगड आयुष्यभर सुरुंगाच्या भोकातून ओळखला आहे. त्यातले पांढरे ठिपके झिओलाइट नावाच्या खनिजाचे, हे तुला माहीत आहे. दोघं शेजारी बसा.

रविवारी काकांकडे जा. विहिरीत उतर, दोर धरून, पायात बूट घालून. वरून खाली प्रत्येक थराला हात लाव. मुरूम कुठे संपतो, तांबडी माती लागते का, लागली तर किती वीत जाड, ओल कुठल्या सांध्यातून झिरपते, सगळं वहीत काढ. भिंग विसरू नकोस. मग वर येऊन काकांना आणि त्या खोदणाऱ्याला समोर बसव आणि उभी राहून समजावून सांग. ते कुठे अडवतील तेही लिहून घे.

वहीची ती पानं मला पाठव. पुसून नीट करू नकोस, चिखलासकट पाठव.

तुझा,
सर