फुकट म्हणजे फुकट: धर्मादाय विमानफेरीविषयी तुमचे प्रश्न

विमान शिकणाऱ्या मुलांचे पालक, ट्रस्टवाले, हौशी विमानमालक असे सगळे मला पत्र लिहितात. हेतू पुण्याचा असतो आणि गोंधळ दरवेळी तोच, म्हणून आज एकत्रच लिहितो.

मुलाला खासगी वैमानिकाचं लायसन्स (पीपीएल) मिळालंय. मिरजेतल्या गरीब पेशंटला त्यानं फुकट मुंबईला नेलं तर चालेल? (कराड)

खरोखर फुकट असेल आणि विमानाचे कागद चोख असतील, तर लायसन्स आड येत नाही. पण हे लायसन्स किमान 40 तासांच्या उड्डाणावर मिळतं, हे विसरू नका. पेशंट झोपवून किंवा ऑक्सिजनवर न्यायचा असेल, तर ते काम एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं. बसून जाणारा असला तरी आधी डॉक्टरांचं लेखी मत घ्या, मुलाच्या प्रशिक्षकांना विचारा. आणि मिरजेजवळच्या कवलापूरची धावपट्टी मनातून काढा. ती वापरात नाही.

आम्ही भाडं घेणार नाही. फक्त पेट्रोलचे पैसे ट्रस्ट देईल. तो काही मोबदला नव्हे ना? (विटा)

हा प्रश्न मला इतक्यांदा आलाय की उत्तर छापूनच ठेवावं म्हणतो. 1937 च्या विमान नियमांत भाड्याची वाहतूक कोणती हे सांगताना ‘कोणत्याही स्वरूपाचा मोबदला’ असे शब्द आहेत, आणि फेरी एकच असली तरी ती सुटत नाही. नफा झाला की नाही, हे तिथं कुणी विचारत नाही. ‘पेट्रोलपुरतेच घेतले’ हा बचाव मी तरी कोणाला सुचवणार नाही.

आपल्याकडे पांढऱ्या पाटीच्या जीपमधून भाडं घेऊन वऱ्हाड नेतात. घाटात जीप उलटली की विमा कंपनी पहिल्यांदा पाटीचा रंग बघते. विमानाला अशी रंगीत पाटी नसते, पण खासगी आणि भाड्याचं हा भेद कागदावर असतोच. विम्याच्या पॉलिसीतही बहुधा तीच अट असते, फक्त बारीक अक्षरात. अपघातानंतर ‘आमचा हेतू चांगला होता’ हे सर्व्हेयरला सांगून बघा.

त्यात ‘देणगी द्या, सीट मिळेल’ ही नवी चलाखी. पावतीवर देणगी लिहिलं म्हणून भाड्याची देणगी होत नाही. देणगी न देणाऱ्यालाही ती सीट मिळते का, एवढंच विचारा. उत्तर ‘नाही’ आलं, तर ते तिकीटच. ट्रस्टनं एक रुपया द्यायच्या आत पॉलिसी आणि नोंदणीचे कागद घेऊन विमान कायदा जाणणाऱ्या वकिलाकडे जावं.

हेलिकॉप्टर ओळखीच्यांचं, खासगी आहे. पायलट मात्र कमर्शियल लायसन्सवाला. मग तर पैसे घेता येतील? (तासगाव)

नाही. ड्रायव्हरकडे बॅज असला म्हणून जीपची पाटी पिवळी होत नाही. भाड्यानं उडवायला डीजीसीएचा, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक नियामकाचा, बिगर-अनुसूचित (ठरलेल्या वेळापत्रकाशिवायच्या) वाहतुकीचा परवाना लागतो, म्हणजेच एनएसओपी.

माझा मुलगा अमेरिकेत पेशंटना स्वतःच्या विमानातून नेतो. तिथे खर्च वाटून घेता येतो म्हणे. खरं का? (सातारा)

खरं, पण अर्धं. तिथं खासगी वैमानिकाला इंधन, तेल, विमानतळाचं शुल्क आणि विमानाचं भाडं एवढंच प्रवाशांत वाटता येतं, आणि स्वतःच्या वाट्याला येतो तो हिस्सा त्यानं भरावाच लागतो. स्वयंसेवी संस्थेकडून इंधनाचा खर्च परत घेण्याची वाट 2012 च्या कायद्यानं काढली, तीही अटी घालून. मुलाला संस्थेकडून आणि एफएएकडून (तिथला विमान नियामक) लेखी खात्री करून घ्यायला सांगा. आणि तो नियम सुट्टीत इकडे येताना बॅगेत आणू नका.

जत्रेत ट्रस्टच्या मदतीसाठी हेलिकॉप्टरची फेरी ठेवलीय, माणशी तिकीट. एजंट म्हणतो धर्मादायला सूट असते. जत्रा रविवारी आहे. (वाई)

एजंटनं अमेरिकेतलं काहीतरी वाचलं असावं. तिथंही या सवलतीसाठी खासगी वैमानिकाला 500 तासांच्या उड्डाणाचा अनुभव लागतो, फेरी 25 मैलांच्या परिघात राहते आणि किमान सात दिवस आधी कळवावं लागतं. इथं त्याच्याकडे एनएसओपीची प्रत मागा. ‘व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो’ म्हणाला, तर त्याचा अ‍ॅडव्हान्स थांबवा. उतरायच्या जागेचं जिल्हा प्रशासनाला विचारलंय का? रविवारची जत्रा आणि बुधवारी मला पत्र! यंदा पाळणे लावा.

2025 पासून नवा कायदा लागू झाला. मग जुने नियम गेलेच ना? (फलटण)

1934 चा कायदा गेला, भारतीय वायुयान अधिनियम 2024 आला. पण जुन्या कायद्याखालचे नियम त्यामुळे आपोआप पुसले जात नाहीत.

प्रवाशाकडून ‘जबाबदारी माझी’ असं स्टॅम्पवर लिहून घेतलं तर? (मिरज)

स्टॅम्प शंभराचा असो की पाचशेचा, नियम मोडायची परवानगी प्रवासी देऊ शकत नाही. नोटरीचा खर्च वाचवा आणि ते पैसे वकिलाच्या सल्ल्यावर घाला, उड्डाणाच्या आधी.