चव, पुरावा आणि बीट

गेल्या अंकात मी 'च्यू' या अमेरिकन कॉमिकवर लिहिलं आणि या महिन्यात पत्रांचा गठ्ठा नेहमीपेक्षा जाड आला. तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. टोनी चू हा पोलीस डिटेक्टिव्ह. तो जे खातो त्याचा भूतकाळ त्याला दिसतो. सफरचंद खाल्लं तर झाड, फवारणी, तोडणीचा दिवस. मांस खाल्लं तर कत्तल. फक्त बीट खाताना त्याला काहीही दिसत नाही. लेखक जॉन लेमन, चित्रकार रॉब गिलरी. २००९ ते २०१६ या काळात ६० अंक निघाले. खून, रक्त, आणि पोट धरून हसायला लावणारी ब्लॅक कॉमेडी. आता पत्रं.

माझा मुलगा अकरावीत आहे. तुमचा लेख वाचून त्याने मित्राकडून पहिला खंड आणला. मी सहज उघडला, तर त्यात पोलीस मेलेल्या माणसाला चावतो आहे! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. पुस्तक काढून घेऊ का?
— एक आई, नाशिकरोड

ताई, आधी माझी चूक कबूल करते. ही मालिका मोठ्यांसाठी आहे हे मी लेखाच्या सुरुवातीलाच लिहायला हवं होतं, ते राहून गेलं. मुलगा सातवी-आठवीत असता तर घ्या काढून, असंच म्हटलं असतं. अकरावीतल्या मुलाच्या हातातून मात्र घेऊ नका. त्याच्या शेजारी बसून पहिला अंक तुम्हीही वाचा.

तुम्ही उघडलंत ते पान मला पाठ आहे. गोष्टीतल्या अमेरिकेत बर्ड फ्लूने २ कोटी ३० लाख माणसं गेली आहेत आणि चिकनवर बंदी आहे. चोरून चिकन खाऊ घालणाऱ्या एका जागी टोनी सूपचा घोट घेतो. सूपमध्ये आचाऱ्याचं रक्त पडलेलं असतं. त्या एका घोटात आचाऱ्याने केलेले खून टोनीला दिसतात. आता पकडले जाणार म्हटल्यावर आचारी स्वतःला संपवतो, आणि त्याच्याबरोबर बळींची नावंही जाणार असतात. ती मिळवायचा एकच रस्ता टोनीपाशी उरतो, म्हणून तो चावतो. कुठल्या तरी घरात कुणी अजून जेवणाचं ताट झाकून वाट बघत असेल, त्या घराला उत्तर मिळावं म्हणून.

किळस आली ना? टोनीलाही येते. ती नसती तर मीच हे पुस्तक घरात ठेवलं नसतं.

मी २८ वर्षं फॉरेन्सिक लॅबमध्ये रसायन विश्लेषक होते. 'व्हिसेरा राखून ठेवला आहे' हे वाक्य तुम्ही पेपरात वाचलं असेल. विषबाधेचा संशय असला की जठर आतल्या अन्नासकट, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड, हे सगळं बहुतेक वेळा मिठाच्या संपृक्त पाण्यात घालून आमच्याकडे येतं. काचेच्या बरण्या, झाकणावर लाखेचं सील. सील नमुन्याशी ताडून बघायचं आणि मगच बरणी उघडायची. एकदा एका बरणीत बाजरीची भाकरी आणि मेथी निघाली. पानं अजून ओळखू येत होती. लेबलवर वय ३१. म्हणजे मरणाआधी ती बाई नीट जेवली होती, कुणीतरी तिला वाढलं होतं किंवा तिनंच केलं होतं. त्या संध्याकाळी घरी आले तर सासूबाईंनी मेथीच्या दोन जुड्या निवडायला काढून ठेवल्या होत्या. मी निवडल्या, भाजी केली, सगळ्यांना वाढली. मला घास गिळता आला नाही. पुढे कित्येक हिवाळे मी मेथी खाल्ली नाही, आणि का ते घरात कुणाला सांगितलंही नाही.

टोनीला ताटासमोर नुसतंच बसलेला पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले. आमच्या कामाची ही बाजू मला इतक्या वर्षांत एकाही रहस्यकथेत दिसली नव्हती. मुलाला एवढंच विचारा, 'तू असतास तर चावला असतास का?' आणि तो काय म्हणतो ते मध्ये न बोलता ऐकून घ्या. घरात अंडं का येत नाही, हेही त्याच बैठकीत सांगा. प्रत्येक घासामागे एक जीव दिसणाऱ्या माणसाची गोष्ट वाचल्यावर त्याला ते चटकन कळेल.

६० अंकांचा क्रम कसा लावायचा? कुठून सुरुवात करू?
— कॉलेज रोड

पहिल्यापासून सरळ. २७वा अंक त्यांनी मुद्दाम आधीच, २०११ मध्ये १८व्या अंकापाठोपाठ काढला होता, त्यामुळे काही जणांचा गोंधळ होतो. खंडांमध्ये तो आपल्या जागी आहे. या मालिकेला २०१० मध्ये नव्या मालिकेसाठीचं आणि २०११ मध्ये चालू मालिकेसाठीचं आयसनर हे अमेरिकन कॉमिक्सचं मानाचं पारितोषिक मिळालं, ते योग्यच होतं. घाईनं वाचू नका. गिलरी मागच्या भिंतींवर, पाट्यांवर, टेबलावरच्या कागदांवर बारीक अक्षरात बरंच काही लिहून ठेवतो. भिंग जवळ असू द्या.

मी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करतो. दिव्यदृष्टीने खून उलगडणाऱ्या पोलिसाची गोष्ट तुमच्यासारख्या प्रयोगशाळेत आयुष्य गेलेल्या बाईंनी वाचायला सांगावी, याचं वाईट वाटलं.
— एक कार्यकर्ता, सातपूर

दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तुमच्या जागी तुम्ही बरोबर आहात. चमत्काराचा दावा करून माणसांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मिळायला किती वर्षं लागली आणि त्याची काय किंमत मोजावी लागली, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे.

मी नऊ वर्षांची असताना आमच्या गावात एका घरची अंगठी हरवली. मांत्रिकाने सगळ्या गड्यांना रांगेत बसवून मंतरलेले तांदूळ चघळायला दिले आणि थुंकायला सांगितलं. ज्याचे तांदूळ कोरडे निघतील तो चोर. एका सालगड्याचे कोरडे निघाले. घाबरलेल्या माणसाच्या तोंडाला कोरड पडते, एवढंच झालं होतं. त्याला मारलं. आठ दिवसांनी अंगठी ज्वारीच्या कणगीत सापडली. त्या गड्याची माफी कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

तिथंही खाण्यातूनच गुन्हा शोधत होते. पण घास कुणाला खावा लागतो ते बघा. मांत्रिक स्वतः एक दाणा तोंडात घालत नाही, गरिबाला खायला लावतो. टोनी दुसऱ्या कुणाला खायला लावत नाही. कळण्याची सगळी किंमत त्याची तोच भरतो, नोकरीत, घरात, प्रेमात. दैवी देणगीच्या नावाखाली त्याच्या गळ्यात जे पडलं आहे ते कुणी हौसेनं मागणार नाही. ही मालिका वाचून कुणी बुवाकडे जाईल असं मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

आणि पुराव्याचं म्हणाल, तर 'मला चव लागली' हे कोर्टात उभं राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तज्ज्ञाचं मत ३९व्या कलमात येतं, पण ते मत कशावरून दिलं हे उलटतपासणीत सांगावं लागतं. दुसऱ्या विश्लेषकाला तीच चाचणी करून तेच उत्तर यायला हवं. टोनीची जीभ दुसऱ्या कुणाला लावता येत नाही. त्याला दिसतं ती फक्त दिशा. पुरावा पुढे शोधावाच लागतो.

बीटाबद्दल मात्र सांगायलाच हवं. व्हिसेऱ्याच्या बरण्यांबरोबर आमच्याकडे आणखी एक बाटली येते. तिच्यात नुसतं मिठाचं पाणी असतं, ज्यात अवयव ठेवले त्यातलंच. आम्ही तिला ब्लँक म्हणतो. आधी तिची चाचणी. तिच्यात काही निघालं नाही तरच बरणीत सापडलेलं विष शरीरातलं, असं म्हणता येतं. बीट हे टोनीचं ब्लँक आहे. जिथं काही नाही तिथं त्याला काही दिसत नाही, म्हणून बाकीच्या दिसण्यावर माझा विश्वास बसतो. तुमच्या गावोगावच्या प्रयोगांत हे बीट वापरून बघा. 'तुमच्या शक्तीला कधी काहीच दिसत नाही, असं होतं का?' हा प्रश्न बुवाला विचारणारा एक तरी पोरगा तयार होईल.

मी चित्रकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. असं कॉमिक मराठीत, नाशिकमध्ये घडणारं करायचं आहे. पण चिकनवर बंदी वगैरे आपल्याकडे खरं वाटणार नाही. शिवाय मरणावर विनोद केला तर लोक चिडतील. काय करू?
— पंचवटी

बाळा, तुझं पत्र शेवटी ठेवलं, कारण त्यावर सावकाश लिहायचं होतं.

खरं वाटणार नाही म्हणतोस? फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तुझा जन्म त्याच्या आगेमागे असेल. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, आणि पांढरे पोशाख, मास्क, गॉगल घातलेली माणसं पोल्ट्रीच्या शेडमध्ये शिरली. लाखो पक्षी मारून खड्ड्यात पुरले. सिडकोत आमच्या गल्लीच्या तोंडाशी चिकनचं दुकान होतं. बंदी नव्हती, तरी गिऱ्हाईक फिरकेना. दुकानदार रोज सकाळी पिंजरे धुऊन फुटपाथवर उलटे वाळत घालायचा, तराजू पुसायचा, आणि स्टुलावर बसून राहायचा. तराजूची दोन्ही पारडी रिकामी, आणि तो ती दिवसातून चारदा पुसतोय. तुझी पहिली चौकट तिथं आहे. आखाड संपला की श्रावण येतो आणि श्रावण संपतो, हे आपल्या पोटाला माहीत आहे. संपतच नाही असा श्रावण कल्पून बघ.

एफडीएचं, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याचंही तसंच. 'च्यू'मध्ये ते देशातलं सगळ्यात ताकदवान पोलीस खातं आहे. आपलं अन्न व औषध प्रशासन दिवाळीत खव्यावर धाडी घालतं, तेव्हा ती माणसं नमुना कसा घेतात, सील कसं लावतात, पंच कुठं उभे राहतात, ते जाऊन बघ आणि स्केच कर.

आता विनोदाचं. माझे मामा निफाड तालुक्यातले, द्राक्षवाले. त्यांचा दहावा रामकुंडावर होता. पिंड ठेवला, कावळा शिवेना. ऊन चढलं. मुलगा म्हणाला, कर्ज फेडतो. मुलगी म्हणाली, आईला सांभाळते. कावळे समोरच्या पत्र्यावर बसून बघत होते. दोन तास गेले. मग धाकटे मामा, ज्यांच्याशी त्यांचं विहिरीवरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं, पुढे झाले आणि रडत म्हणाले, 'दादा, मोटरीची पाळी तुझ्या पोरांची. मी मध्ये येणार नाही.' सगळे दोन पावलं मागे सरकले आणि कावळा आला. म्हातारी आत्या पदराने डोळे पुसत म्हणाली, 'मेल्या, एवढ्यासाठी उन्हात बसवलंस!' आम्ही सगळे रडता रडता हसलो. मामींना तर हसू आवरेना.

माणसं मागे सरकली म्हणून कावळा आला हे मला कळतं. पण मेलेल्याच्या मनात काय होतं हे घासावरून ओळखायची कल्पना आपल्याकडे घाटावर रोज चालू असते. तुला अमेरिकेतून काही आणावं लागत नाही. तुझा डिटेक्टिव्ह रामकुंडावर पिंडाचा भात शिजवणारा असू दे, किंवा त्याच्या मांडीशी बसणारा पोरगा. लोक चिडतील का? तू मेलेल्याला हसलास तर चिडतील, आणि चिडावंच. जिवंतांच्या अकरा वर्षांच्या अबोल्यावर हसलास तर तेच लोक तुला आणखी चार किस्से सांगतील.

एक पात्र मात्र नीट अभ्यास. अमेलिया मिंट्झ वर्तमानपत्रात खाण्यावर लिहिते आणि वाचणाऱ्याच्या जिभेवर ती चव उतरते. टोनीला पहिल्यांदा कत्तल न दिसता जेवण मिळतं ते तिच्या शब्दांतून. त्याचं तिच्यावर प्रेम का बसतं, हे त्या चौकटींत एकही जादा शब्द न वापरता दाखवलं आहे.

आणि अक्षरं कॉम्प्युटरवर टाकू नकोस, हातानं काढ. लेमन स्वतःच्या कॉमिकचं अक्षरांकन स्वतःच करायचा. कोण बोलताना किती दम घेतो ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं. आधी दोन पानं कर: एकावर तराजू, एकावर घाट. फोनवर फोटो नको, कागदच पाठव, मासिकाच्या पत्त्यावर. मी भिंग घेऊन बघीन.